माळावरची मिश्र फळबाग: वहीतल्या नोंदी

हातकणंगले तालुक्यात, बाहुबलीच्या डोंगराकडच्या अंगाला आमचा साडेतीन एकराचा माळ आहे. ऊस खाली ओढ्याकाठच्या रानात. वरच्या माळावर पावसाळ्यात मेंढरं बसायची, दिवाळीनंतर नुसतं कुसळ. तिथं रासायनिक खत-औषध न वापरता मिश्र फळबाग करायचं ठरवलं. आमच्या पट्ट्यातली आणखी काही मंडळी असल्याच माळाला हात घालायचं म्हणतायत, म्हणून वहीतल्या नोंदी जरा नीट करून देतोय. खर्चाचे आकडे त्या त्या वेळच्या दराचे आणि ठोक. गगनबावडा-शाहूवाडीकडच्या लोकांनी हे जसंच्या तसं उचलू नये, तिथला पाऊस वेगळा आणि मातीही वेगळी.

२० नोव्हेंबर २०२२

जेसीबीनं तीन ठिकाणी पुरुषभर खड्डे मारून बघितले. वरच्या कोपऱ्यात वीतभर माती, खाली कडक मुरूम. मधल्या पट्ट्यात दीड फुटावर पांढरी चुनखड. खालच्या बांधाला बरी, हातभर माती आहे. एकाच रानात तीन रानं. मातीचे नमुने तिन्ही ठिकाणचे वेगळे दिले. मधल्या पट्ट्याचा सामू (पीएच) ८.३ आला, सेंद्रिय कर्ब सगळीकडंच ०.३ टक्क्याच्या आसपास. म्हणजे मातीत जीव नाही.

जेसीबीचे दोन तास गेले. पुढचा सगळा खर्च बघता हे सगळ्यात स्वस्त काम होतं. रोपांची यादी करण्याआधी हे करा, आणि केल्यावर कागद कपाटात ठेवू नका. आम्ही ठेवला. त्याचा हिशेब पुढं येतोय.

१५ डिसेंबर २०२२

बोअर मारला, चारशे फूट. धूळ. पन्नास हजार गेले. पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला होता, एवढं खरं.

आण्णा म्हणाले, "आता तरी वरचं पाणी धर, खालचं बघू नको." हे त्यांनी आधी म्हटलं असतं तर बरं झालं असतं, पण बोअरच्या वेळी तेही गाडीजवळ खुर्ची टाकून बसले होते.

जानेवारी २०२३

समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत खोदलेले. ए आकाराची लाकडी चौकट केली, मधोमध ओळंबा सोडला आणि फक्कीनं रेषा मारल्या. चर दोन फूट रुंद, दीड फूट खोल, निघालेला मुरूम उताराच्या बाजूला बांधावर. जेसीबी आणि माणसं मिळून चाळीस हजार.

वरच्या तीन रेषा ओळंब्यानं मारल्या. खालच्या दोन जेसीबीवाला म्हणाला, "डोळ्यानं मारतो साहेब, रोजचं काम हाय." मारू दिल्या.

मार्च २०२३

शेततळं. वीस बाय वीस मीटर, तीन मीटर खोल, बाजूंना एकास एक उतार. हिशेबानं पावणेनऊ लाख लिटर बसतं. पहिले पाच फूट पोकलेननं सहज निघाले, मग काळा दगड लागला आणि ब्रेकर लावावा लागला. खोदाई ९५ हजारांवर गेली. ब्रेकरचा ताशी दर वेगळा असतो, तो आधी बोलून घ्या.

तळ्यात अंथरायचा प्लॅस्टिकचा कागद ५०० मायक्रॉनचा, काठाच्या चरात गाडायचा भाग धरून ५८ हजार. अंथरण्याआधी बाजूंचे टोकदार दगड पहारीनं काढले, वर चाळलेली बारीक माती थापली, कोपऱ्यांना साखरेची जुनी पोती. एका बाजूला माती थापायची राहिली, कारण कागद जोडणारी माणसं दारात येऊन उभी होती. त्याच बाजूला जूनमध्ये गळती सापडली.

काठाला चारी बाजूंनी गाठी मारलेला दोर खाली पाण्यापर्यंत सोडून ठेवलाय. तळं भरल्यावर कागदावरून माणूस किंवा कुत्रं वर येऊ शकत नाही, पाय घसरतो. कुंपण केलं तरी दोर हवाच.

पाण्याचा हिशेब: साधारण सव्वाचारशे झाडं, लहान असताना रोजी सरासरी दहा लिटर धरलं तर फेब्रुवारी ते मे पाच लाख लिटर. पण उन्हाळ्यात आमच्याकडं रोज सहा-आठ मिलिमीटर पाणी उडून जातं. चारशे चौरस मीटरचा पृष्ठभाग म्हणजे भरलेल्या तळ्यातून दिवसाला अडीच-तीन हजार लिटर नुसतं ऊन पितं. चार महिन्यांत तेही अडीच-तीन लाख. तळं करताना हा आकडा कुणी सांगत नाही. म्हणून ठरवलं, पावसाचं पाणी तर धरायचंच, शिवाय जानेवारीअखेर खालच्या विहिरीतून, उसाची पाळी नसेल तेव्हा, तळं काठोकाठ भरून घ्यायचं.

एप्रिल २०२३

झाडं लावायला खड्डे की सलग चर? पैसे बघून खड्डे घेतले, दोन बाय दोन बाय दोन फूट, पाच बाय पाच मीटरवर. मुरमात ब्रेकर लावून. भरायला जवळच्या तलावातला गाळ, शेणखत, निंबोळी पेंड आणि तळाला उसाचा पाला. सगळं मिळून ८५ हजार.

गाळ नुसता भरू नका. पहिल्या ओळीत नुसता गाळ भरला, तो उन्हानं असा आवळला की पहार वाजायला लागली. पुढच्या ओळींना निम्मा बारीक मुरूम मिसळला.

शेणखत तीन ठिकाणचं घेतलं. त्यातलं एक निम्मंअर्धं कच्चं होतं, हातात घेतलं की गरम लागायचं. घाईत वापरलं. हेही पुढं येतंय.

२८ जून २०२३

यंदा मृग कोरडा गेला. पाऊस आला तो एकदम, रात्रीत. सकाळी जाऊन बघतो तर ओळंब्यानं मारलेले तिन्ही चर तुडुंब आणि शाबूत. डोळ्यानं मारलेले दोन्ही मधेच फुटले. चर एका अंगाला वीतभर जरी उतरता असला तरी शंभर फुटांतलं सगळं पाणी एकाच जागी येतं आणि बांध घेऊन जातं. खालच्या पाणंदीत आमचा मुरूम पसरला आणि शेजाऱ्यांचं ऐकून घ्यावं लागलं.

दुरुस्ती: चर पुन्हा ओळंब्यानं सरळ केले आणि दर पंधरा फुटांवर चरात मुरमाचा आडबांध ठेवला. आता एक कप्पा फुटला तरी बाकीचे राहतात. बांधांवर हुलगा पेरला आणि गिरिपुष्पाच्या फांद्या टोचल्या. ताग पण पेरला होता, तो गुडघ्याएवढा होऊन पिवळा पडला. हुलग्यानं मात्र मुरूम झाकला. आमच्या माळाला पहिलं पीक हुलगाच.

१२ जुलै २०२३

लागण. सीताफळ १६०, पेरू ८०, केशर आंबा ६०, आवळा ४०, लिंबू ४०, अंजीर २०, जांभूळ १५, चिंच ८. सीताफळात बहुतेक गोल्डन म्हणून विकली जाणारी जात, थोडं बाळानगर. पेरू सरदार. आवळ्यात एनए-७, कृष्णा आणि चकैया तिन्ही मिसळले, एकाच जातीचा आवळा लावला तर फळधारणा कमी होते. रोपांना चाळीस हजार.

मांडणी अशी केली की प्रत्येक ओळीत सगळी फळं आलटूनपालटून. दोन सीताफळ, एक पेरू, एक आंबा, मग लिंबू, असं. एका जातीची कीड शेजारच्या झाडावर जाऊ नये हा विचार. कागदावर फार देखणं दिसत होतं. एका ओळीला एक लॅटरल, म्हणजे ठिबकची बारीक नळी, आणि झाडाला ताशी चार लिटरचे दोन ड्रीपर. ठिबक ७५ हजार.

३० ऑगस्ट २०२३

पूर्ण महिना कोरडा. अख्ख्या देशातच १९०१ पासूनचा हा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पावसाळा आहे म्हणून ठिबकची जोडणी अर्धी ठेवली होती, तळंही अर्धंच भरलेलं. बादल्यांनी पाणी घातलं. कामाला असलेल्या मामा-मामींनी अंधार पडेपर्यंत बादल्या ओढल्या, नाहीतर निम्मी बाग गेली असती. तरी साठ-सत्तर रोपं वाळली.

वाळलेली उपटून बघितली तेव्हा कळलं, सगळी उन्हानं मेलेली नाहीत. बऱ्याच रोपांची साल जमिनीलगत वाळवीनं खाल्लेली. आच्छादन म्हणून उसाचा पाला बुंध्याला अगदी चिकटवून टाकला होता. पाला हवाच, त्याशिवाय मुरूम थंड राहत नाही, आणि आमच्याकडं तो फुकट मिळतो, लोक पेटवून देतात. फक्त बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा. आता बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतो: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद सेंद्रियमध्येही मर्यादेतच चालतं, म्हणून फक्त बुंध्याला.

ऑक्टोबर २०२३

नांगी भरली, म्हणजे मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावली. भरताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. मेलेल्या सीताफळांपैकी काहींना कलमाचा जोडच नव्हता, नुसती बियांची रोपं. जिवंत राहिलेल्यांतही तशी असणार. नर्सरीवाल्यानं फोन उचलणं बंद केलं. रोप घेताना खाली वाकून जोड बघा, पिशवी ट्रेलरमध्ये चढण्याआधी. अनुदान घेणार असाल तर पावतीही मान्यताप्राप्त रोपवाटिकेचीच लागते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत पैसे तीन वर्षांत ५०, ३०, २० टक्के असे येतात आणि जिवंत झाडांच्या प्रमाणाची अट असते. नांगी वेळेवर भरायचं तेही एक कारण.

८ मार्च २०२४

वणवा. पलीकडच्या माळावर कुणीतरी कुसळ पेटवलं आणि वारं आमच्याकडं होतं. वरच्या दोन ओळींतला पाला पेटला. आंब्याची नऊ आणि सीताफळाची पंधरा झाडं होरपळली, शिवाय लॅटरल वितळून जमिनीला चिकटले. पाइपचेच बारा हजार.

सीताफळ आठवड्यातच बुंध्यातून फुटायला लागलं. पण कलमाच्या खालून आलेला फुटवा खुंटाचा, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या रोपाचा, तो ठेवून उपयोग नाही. जोडाच्या वरून आला तरच ठेवला. आंब्याची नऊ गेली.

आता दरवर्षी जानेवारीत माळाच्या तिन्ही बाजूंनी दहा फुटांचा पट्टा नांगरून मोकळा ठेवतो. पाला टाकणारा माणूस ज्या दिवशी पहिली पेंढी टाकेल त्याच दिवशी हा पट्टा मारायला पाहिजे होता.

५ मे २०२४

सगळ्यात महागाचा धडा हा, म्हणून जरा सविस्तर.

तळं तळाला गेलं. मेअखेर पुरेल असा हिशेब होता, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच पंप हवा ओढायला लागला. गळती काढली होती, चोरी नाही. मग ओळीतून चालत बघितलं.

सीताफळ फेब्रुवारी-मार्चपासून पानं गाळून उभं. आवळ्याचंही तेच. या झाडांना या दिवसांत जगण्यापुरतं पाणी मिळालं तरी पुरतं. पेरू, लिंबू, अंजीर मात्र हिरवी आणि तहानलेली. पण लॅटरल एक, व्हॉल्व्ह एक. पेरूसाठी पाणी सोडलं की शेजारच्या झोपलेल्या दोन सीताफळांनाही तेवढंच. सव्वाचारशेतली दोनशेहून जास्त झाडं सीताफळ, आवळा आणि चिंच आहेत. म्हणजे निम्मं पाणी झोपलेल्या झाडांच्या तोंडात ओतत होतो.

आणि हे नुसतं पाण्याचं नाही. उद्या झाडं फळाला आली की सीताफळाला उन्हाळाभर ताण देऊन, म्हणजे पाणी तोडून, मे-जूनमध्ये बहार (फुलोरा) धरायचा. पेरूचा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीचा) धरायचा तर त्याचं पाणी एप्रिल-मेमध्ये तोडायचं. लिंबाला हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरचा) घ्यायचा तर त्याचा ताण पावसाळ्याच्या शेवटी. आंब्याला मोहोराआधी कोरडं आणि फळ वाटाण्याएवढं झालं की पाणी. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं आणि आम्ही सगळ्यांना एका नळीवर बांधलंय. मिश्र बाग म्हणजे मिश्र ओळ नव्हे. फळं कितीही लावा, पण एका व्हॉल्व्हवर एकाच तहानेची झाडं पाहिजेत.

तात्पुरतं: सीताफळ आणि आवळ्याचे दोनपैकी एक ड्रीपर काढून भोकाला बूच मारलं. महिनाभर विकतचे टँकर.

१४ जून २०२४

झाडं हलवली की सरळ हातात येतात. मुळंच नाहीत. आळं उकरलं तर हुमणी, मुळं खाणारी पांढरी अळी, एका आळ्यात मूठभर. कच्चं शेणखत ज्या ओळींना पडलं होतं नेमकं तिथंच. गेल्या वर्षी पडलेली अंडी-अळ्या तिथं पोसल्या. खालच्या उसातही हुमणी आहेच, आमच्या पट्ट्याला ती नवी नाही.

उपाय केले ते असे. शेणखत आता वर्षभर कुजवल्याशिवाय आळ्यात जात नाही. हुमणीला मारणारी मेटारायझियम बुरशी चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून, ओल असताना, आळ्यात दिली. आणि सगळ्यात उपयोगाचं म्हणजे अंडी घालणारे हुमणीचे भुंगे गोळा करणं. वळवाचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी भुंगे बांधावरच्या कडुलिंबावर आणि बाभळीवर येतात. खाली ताडपत्री पसरून फांद्या हलवायच्या, पडलेले रॉकेलच्या पाण्यात. एकट्यानं करून भागत नाही, चार बांधांवरच्या लोकांनी त्याच आठवड्यात करायला पाहिजे. यंदा आम्हाला उशीर झाला होता.

२७ जुलै २०२४

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, गावाकडचे दोन रस्ते बंद. माळाला पुराची भीती नाही, पण पाण्याची आहे हे आज कळलं. कडक मुरमात मारलेला खड्डा म्हणजे हंडा. पाणी आत जातं, बाहेर जायला वाट नाही. आंतरपीक म्हणून लावलेली पपई दोन-तीन दिवसांत माना टाकून बसली, बुंधे मऊ पडले. सगळी गेली. जी फळं काढण्यासारखी होती ती रस्ता बंद म्हणून घरातच पिकली. म्हशींनी खाल्ली.

पाऊस थांबल्यावर टिकावानं प्रत्येक खड्ड्याच्या उताराच्या अंगाला फूटभर खोल चर काढून तो खालच्या समतल चराला जोडला. कंटाळवाणं आणि महागडं काम. सुरुवातीला खड्ड्यांऐवजी सलग चर घेतला असता तर खर्च थोडा जास्त, पण हे लागलं नसतं. पैसे बघून खड्डे घेतले असं वर लिहिलंय, ते वाचवलेले पैसे इथं गेले.

नोव्हेंबर २०२४

ठिबकची फेरजोडणी. झाडं उपटून हलवणं शक्य नाही, म्हणून प्रत्येक ओळीला दुसरी लॅटरल टाकली आणि दुसऱ्या सबमेनला (ओळींना पाणी पोचवणाऱ्या जाड नळीला) जोडली. पहिल्या नळीवर सीताफळ, आवळा, चिंच, जांभूळ. दुसऱ्या नळीवर पेरू, लिंबू, अंजीर. आंबा दुसऱ्यावर ठेवला पण त्याच्या ड्रीपरला छोटा नळ बसवला, हातानं बंद-चालू. तो नळ विसरायला होतो, आदर्श नाही. पस्तीस हजार.

लिंबाची पानं पिवळी, शिरा हिरव्या. सगळी नाहीत, फक्त मधल्या पट्ट्यातली. दोन वर्षांपूर्वीचा मातीचा कागद काढला: चुनखड, सामू ८.३. लिंबाला तिथं लोह मिळत नाही. जीवामृत (शेण-गोमूत्र-गुळाचं आंबवण), कंपोस्ट सगळं देऊन बघितलं, नवी पालवी थोडी सुधारते आणि पुन्हा तेच. त्या पट्ट्यात सीताफळ, चिंच आणि आवळा मात्र मजेत आहेत.

१८ जानेवारी २०२५

जीवामृत ठिबकनं सोडू नका. दोनशे लिटर पाणी, दहा किलो खिल्लार गाईचं शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, बांधावरची मूठभर माती, ही नेहमीचीच कृती. गुळाऐवजी गुऱ्हाळावरून काकवी आणतो, स्वस्त पडते. दुहेरी कापडानं गाळून सोडलं तरी पंधरवड्यात ड्रीपरना शेवाळासारखा लगदा. एंड कॅप उघडून सगळ्या नळ्या धुतल्या, बरेच ड्रीपर बदलले. आता बॅरल ओळीच्या वरच्या टोकाला ठेवून साध्या पाइपनं आळ्यात सोडतो. वेळ लागतो, पण प्रत्येक झाडाकडं बघणं होतं.

याच आठवड्यात अंजिराची शेंड्याची पानं दोरीसारखी पिळलेली दिसली. रोग नव्हे. शेजारच्या बापूंच्या खालच्या उसात टू-फोर-डी तणनाशक मारलं होतं आणि दुपारचं वारं वर येत होतं. त्यांना जाऊन सांगितलं.

"बापू, तेवढं सकाळी वारं पडल्यावर मारा की."

"सकाळी लाईट कुठाय? पंप भरायला पाणी नगो?"

त्यांचं बरोबर होतं. आमच्या तळ्याच्या पाण्यानं दोन बॅरल रात्रीच भरून त्यांच्या बांधावर ठेवायची सोय केली. तेव्हापासून ते सकाळी मारतात. शिवाय खालच्या बांधाला शेवरी आणि गिरिपुष्पाची दुहेरी ओळ दाट केली. पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या रानाची पाहणी करून सेंद्रिय ठरवायच्या, गटात आम्ही पाच शेतकरी आहोत, किमान तेवढे लागतातच, आणि पाहणीला आलेले गटातले लोक पहिल्यांदा हाच बांध बघतात. तिसऱ्या पक्षाचं एनपीओपी (केंद्राच्या सेंद्रिय कार्यक्रमाचं) प्रमाणपत्र घ्यायचं झालं तर फळझाडांना तीन वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे रसायनाशिवाय काढायचा काळ, आहे. उसाचा पाला दुसऱ्याच्या रानातला आणता, तेही लिहून ठेवावं लागतं.

२९ मे २०२५

दोन नळ्यांचा पहिला उन्हाळा. तळ्यात २० मेला अजून कमरेएवढं पाणी होतं, टँकर एकही नाही.

पण ताणाचं गणित यंदा पावसानं मोडलं. मान्सून केरळात २४ मेलाच आला आणि आठवडाभर आधीपासून इथं वळीव नव्हे, चक्क पावसाळा सुरू. पेरूचा ताण अर्धवट तुटला, फुलं दोन टप्प्यांत आली. सीताफळ लवकर फुटलं. भुंगे मात्र यंदा वेळेवर धरले, कारण पहिल्या पावसाच्या संध्याकाळी ताडपत्री तयार होती आणि बापूंची पोरंही आली.

१० सप्टेंबर २०२५

सीताफळावर पिठ्या ढेकूण. फळाच्या खाचांत पांढरा कापूस आणि त्यावर मुंग्या. मुंग्याच त्याला झाडावर फिरवतात, म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद केली: जमिनीला टेकलेल्या फांद्या कापल्या, बुंध्याला प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस. थेट सालीवर ग्रीस लावू नका. संध्याकाळी, हवेत ओल असताना, लेकॅनिसिलियम बुरशीची फवारणी. जास्त भरलेली फळं तोडून पुरली. मिश्र ओळीचा एक फायदा इथं दिसला, कीड एका ओळीतून दुसऱ्या ओळीत सावकाश गेली. मूळ विचार अगदीच वेडा नव्हता.

पेरूत फळमाशीचे सापळे टांगलेत, मिथाइल युजेनॉलचे, त्याच्या वासाला नर माशी येते. फळ हिरवं असतानाच टांगा. डंख दिसल्यावर टांगून माशी मोजण्यापलीकडं काही होत नाही.

२ नोव्हेंबर २०२५

विक्री. हे कुणीच आधी विचारात घेत नाही. एका तोडीला सीताफळ चार क्रेट, पेरू सहा, अंजीर दोन ताटल्या, आवळा अजून नाही. मार्केट यार्डात एवढ्याशा मालाला कुणी उभं करत नाही, आणि सेंद्रिय म्हटलं की दर तोच, वर हसतात. कोल्हापुरात ओळखीच्या सोसायट्यांत व्हॉट्सअॅपवर यादी टाकून शनिवारी मिश्र पेटी देतो: दोन किलो सीताफळ, दोन किलो पेरू, असतील तर लिंबं. सीताफळाला १००, पेरूला ५० रुपये किलो पडतात. यार्डापेक्षा चांगलं, पण शनिवारचा अख्खा दिवस आणि पेट्रोल त्यातच.

आजवर मजुरी सोडून साडेपाच लाख गेले. त्यात तारेच्या कुंपणाचे साठ हजार आहेत, त्याची नोंद वर करायची राहिली. ससे आणि रानडुकरं दोन्ही येतात, खालची जाळी जमिनीत गाडावी लागते. आलेत ते हुलगा, दसरा-दिवाळीचा झेंडू आणि फळं मिळून सव्वा लाख. अनुदान वेगळं. उसाच्या भरवशावर घर चालतंय म्हणून हे चाललंय. कर्ज काढून हा माळ करू नका.

डिसेंबरात मधल्या पट्ट्यातली पिवळी लिंबं काढणार. त्या जागी सीताफळ, यावेळी जोड बघून, आणि वरच्या कुंपणालगत करवंद. करवंदाची रोपं सांगून ठेवलीत, बयाणा दिलाय.